स्ट्रॅबोने पाहिलेलं किती आणि ऐकलेलं किती

गिझाच्या पिरॅमिडांसमोर छिन्नीने उडालेल्या दगडी कपच्यांचे ढीग पडलेले असत. इ.स.पू. २५ च्या सुमारास तिथे गेलेल्या एका ग्रीक माणसाला त्या ढिगांत मसुरीच्या दाण्याएवढे, मसुरीसारखेच चपटे खडे दिसले. तिथले लोक सांगत की पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या जेवणातलं उरलेलं धान्य दगड होऊन पडलंय. त्याने ती गोष्ट टिपून घेतली आणि पुढे स्वतःचं जोडलं. आमच्याकडेही सपाटीवर एक लांबट टेकडी आहे, तीही अशाच मसुरीएवढ्या सच्छिद्र खड्यांनी भरलेली आहे. नदीतले गोटे पाण्याने घासून गोल होतात हे कळतं, हे खडे कसे झाले ते मात्र कोडंच आहे. आज त्या खड्यांना न्युम्युलाइट म्हणतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात राहणाऱ्या एकपेशीय जिवांची ती कवचं. पिरॅमिडांचा चुनखडक त्यांनीच भरलेला आहे.

हा माणूस म्हणजे स्ट्रॅबो. स्वतः पाहिलेलं, तिथल्यांकडून ऐकलेलं आणि घरच्या ओळखीच्या गोष्टीशी ताडून पाहिलेलं, हे तिन्ही या चार ओळींत एकमेकांना चिकटून येतं, आणि त्याच्या ‘भूगोल’ या १७ भागांच्या ग्रंथात ते शेवटपर्यंत असंच येत राहतं. ग्रंथ वाचताना समोरचं वाक्य या तिन्हींपैकी कुठलं हे ओळखता आलं की अर्धं काम झालं. ऐकीव असेल तर स्ट्रॅबोने कोणाचं ऐकलं आणि कोणाला दारातूनच परत पाठवलं, हे शोधणं म्हणजे उरलेलं अर्धं. त्याच्या बहुतेक मोठ्या चुका या दुसऱ्या अर्ध्यात आहेत.

फिरला किती?

जन्म इ.स.पू. ६४ किंवा ६३ च्या सुमाराचा, गाव पोंटसमधलं अमासिया, म्हणजे आजच्या उत्तर तुर्कस्तानातलं अमास्या. घराणं पोंटसचा राजा मिथ्रिडेटीस याच्या दरबारातलं. रोमशी युद्ध चालू असताना त्याच्या आईकडच्या घराण्यातल्या एकाने बाजू बदलली आणि १५ ठाणी रोमन सेनापती लुकुलसच्या हवाली केली. पुढे लुकुलसच्या जागी पॉम्पी आला आणि कबूल केलेलं बक्षीस राहून गेलं, ही तक्रार स्ट्रॅबो भूगोलाच्या ग्रंथातही नोंदवायला विसरत नाही. शिक्षण नायसा गावात आणि नंतर रोममध्ये. स्ट्रॅबो हे खरं तर रोमन टोपणनाव, अर्थ ‘तिरळा’. भूगोलाआधी त्याने मोठा इतिहास लिहिला होता, तो हरवला. भूगोलात आलेली सर्वांत उशिराची ओळखता येणारी घटना म्हणजे मॉरेटेनियाचा राजा दुसरा जुबा याचा मृत्यू, इ.स. २३ चा. म्हणजे लेखणी हातात होती तेव्हा म्हाताऱ्याने ऐंशी ओलांडली होती.

आपण किती फिरलो हे तो दुसऱ्या भागात सांगतो. पश्चिमेकडे आर्मेनियापासून सार्डिनियासमोरच्या टिरेनियापर्यंत, दक्षिणेकडे काळ्या समुद्रापासून इथिओपियाच्या सरहद्दीपर्यंत. भूगोल लिहिणाऱ्यांपैकी कोणी याहून फारसं जास्त फिरलेलं नाही, असंही वर ठासून सांगतो. टिरेनिया म्हणजे आजचा इटलीतला टस्कनी. ‘सार्डिनियासमोरचा’ हे विशेषण कुठून आलं, ते पाचव्या भागात पोपुलोनियम गावाच्या वर्णनात कळतं. समुद्रात घुसलेल्या उंच टेकडीवरच्या त्या गावात तो चढून गेला होता. तिथून एल्बा आणि कॉर्सिका दिसतात, सार्डिनियाही अंधूक दिसतं. जवळच्या बंद पडलेल्या खाणी त्याने पाहिल्या, आणि एल्बाहून आणलेलं लोखंड वितळवणारे कारागीर पाहिले, कारण बेटावरच्या भट्ट्यांत ते नीट एकजीव होत नसे. पश्चिमेकडचं हे त्याचं टोक. स्पेन, फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यावर तो पुष्कळ लिहितो, पण तिथे त्याचा पाय लागलेला नाही.

पाहिलेली जागा आली की वाक्यांचा पोत बदलतो. आकडे लहान होतात, माणसं दिसू लागतात. ग्यारोस या एजियन बेटावर त्याचं जहाज थांबलं तेव्हा एका कोळीवाड्यातला माणूस जहाजावर चढला. गावाने त्याला ऑक्टेव्हियनकडे, म्हणजे पुढच्या ऑगस्टस बादशहाकडे, कर कमी करून मागायला पाठवलं होतं. कर होता वर्षाला १५० ड्रॅक्मा, आणि गावाला १०० सुद्धा जड जात होते. ऑक्टेव्हियन तेव्हा कॉरिंथमध्ये होता, ॲक्टियमच्या विजयाचा सोहळा करायला रोमकडे निघालेला. त्यावरून हा प्रवास इ.स.पू. २९ चा ठरतो.

इजिप्तमध्ये तो बराच काळ राहिला. रोमन सुभेदार ईलियस गॅलस त्याचा मित्र, त्याच्या लवाजम्याबरोबर तो नाईलवरून सायीनीपर्यंत, म्हणजे आजच्या अस्वानपर्यंत, आणि पुढे फिली बेटापर्यंत गेला. थीब्जमध्ये मेम्नॉनच्या भंगलेल्या पुतळ्यातून सकाळी आवाज येतो अशी ख्याती होती. दिवसाच्या पहिल्या तासाला स्ट्रॅबोनेही आवाज ऐकला. तो चौथऱ्यातून आला, पुतळ्यातून आला की भोवती उभ्या असलेल्यांपैकी कोणी मुद्दाम काढला, हे सांगता येत नाही असं तो लिहितो, आणि रचून ठेवलेल्या दगडांतून आवाज येतो यापेक्षा दुसरं काहीही मानायला आपण तयार आहोत असंही लिहितो. अलेक्झांड्रियाचं वर्णन तर जवळजवळ नगररचनेचा नकाशाच आहे: लांबी ३० स्टेडिया (ग्रीकांचं अंतराचं माप, एकवचन स्टेडियन), रुंदी ७ ते ८, मधले दोन हमरस्ते प्रत्येकी १०० ग्रीक फुटांहून रुंद.

पण सगळ्यांत उपयोगाची नोंद नाईलच्या पुराची आहे. पूर्वी पाणी १४ हात चढलं तर पीक उत्तम आणि ८ हातच चढलं तर दुष्काळ, असा हिशोब होता. पेट्रोनियस सुभेदार असताना १२ हातांतच भरघोस पीक आलं, आणि ८ हातांच्या वर्षीही कोणी उपाशी राहिलं नाही. कारण कालवे आणि बांध. निसर्ग कमी पडतो तिथे निगा कामी येते, असं तो म्हणतो. सिंचन खात्याच्या आजच्या अहवालात शोभेल अशी ही नोंद आहे, आणि ती त्या काळी त्या देशात राहिलेल्या माणसाचीच असू शकते.

मात्र आखलेल्या चौकटीच्या आतलं सगळं त्याने पाहिलं, असं धरून चालू नये. ग्रीसमध्ये कॉरिंथ पाहिल्याचं तो स्वतः सांगतो. तिथून एका दिवसाच्या आत गाठता येणाऱ्या मायसीनी या प्राचीन शहराबद्दल मात्र लिहितो की त्या शहराचा आज मागमूसही उरलेला नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी पॉसेनियस हा ग्रीक प्रवासवर्णनकार तिथे गेला तेव्हा तटबंदी उभी होती, सिंहांचा दरवाजा उभा होता, आणि ते आजही उभे आहेत. स्ट्रॅबो मायसीनीला गेलाच नाही, हे त्याच्याच वाक्यावरून कळतं.

सफरचंदाचं उदाहरण

एवढं ऐकीव घेण्याचं समर्थन त्याच्याकडे तयार आहे, आणि ते दुबळं नाही. डोळा रंग सांगतो, नाक वास सांगतं, हात आकार सांगतो, जीभ चव सांगते. यांतलं कोणीच अख्खं सफरचंद सांगत नाही, ते बुद्धी जुळवते. तसंच, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे प्रदेश पाहिले, त्यांचे अहवाल एकत्र करून जगाचं चित्र जुळवायचं काम भूगोल लिहिणाऱ्याचं. फक्त स्वतः पाहिलेल्यावर विश्वास ठेवायचा म्हटलं तर कानांना काही अर्थच उरत नाही, आणि शिकण्याच्या कामात कान डोळ्यांच्या पुढे आहेत, असं तो म्हणतो. दाखला सेनापतीचा देतो: सेनापती प्रत्येक ठिकाणी हजर नसतो, निरोप्यांच्या भरवशावरच लढाई चालवतो.

या दाखल्यातच मेख आहे. सेनापती निरोप्यावर विश्वास ठेवतो कारण निरोप्या त्याच्या ओळखीचा असतो.

नकाशा कसा काढायचा

स्ट्रॅबो नकाशाची कृती देतो. पृथ्वी गोल हे त्याच्यासाठी वादाचं नाहीच. पुरावा म्हणून तो समुद्रावरचा अनुभव सांगतो: दूरचा दिवा नजरेच्या पातळीवर असेल तर दिसत नाही, उंचावर असेल तर दिसतो, म्हणजे मध्ये पाण्याचा फुगवटा आहे. परीघ त्याने आधीच्या काळातल्या इरॅटोस्थेनीस या ग्रीक भूगोलकाराचा घेतला, २,५२,००० स्टेडिया.

स्टेडियन म्हणजे किती, याच्यावर आजही भांडणं होतात. स्ट्रॅबो सांगतो की बहुतेक लोक रोमन मैलाला ८ स्टेडिया धरतात, ग्रीक इतिहासकार पॉलिबियस मात्र सव्वाआठाच्या वर, ८ आणि एक तृतीयांश धरतो. रोमन मैल सुमारे १,४८० मीटरचा, म्हणजे आठाच्या हिशोबाने एक स्टेडियन १८५ मीटर. त्याने गुणलं तर पृथ्वीचा परीघ ४६,६२० किलोमीटर येतो, खरा सुमारे ४०,००० आहे. इरॅटोस्थेनीसचं मोजमाप ‘अचूक’ होतं असं जे सांगितलं जातं, ते स्टेडियन लहान, १५७ मीटरच्या आसपास, धरून सांगितलेलं असतं. त्यामुळे किलोमीटर करायच्या फंदात न पडता आधी अंश काढावेत. ३६० ने भागलं की अंशाला ७०० स्टेडिया पडतात, आणि अंशाच्या भाषेत स्ट्रॅबोची दक्षिणोत्तर अंतरं फार बोलकी होतात.

त्याच्या वस्तीच्या जगाची लांबी ७०,००० स्टेडिया आणि रुंदी ३०,००० पेक्षा कमी. आकार मॅसिडोनियन झग्यासारखा, म्हणजे मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता. शक्य असेल तर गोलावर काढावं, आणि गोलाचा व्यास निदान १० फूट असावा. कारण वस्तीचं जग गोलाचा लहानसा तुकडाच व्यापतं, गोल लहान घेतला तर त्या तुकड्यात गावं मावणार नाहीत. गोल जमत नसेल तर सपाट पट घ्यावा, निदान ७ फुटांचा. सात फुटांत सत्तर हजार स्टेडिया बसवले की फुटाला १०,००० पडतात; अलेक्झांड्रिया ते ऱ्होड्स हे अंतर तेवढ्यावर साधारण साडेचार इंच येतं.

पटावर आधी दोन रेषा ओढायच्या. आडवी रेषा जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपासून सिसिलीच्या सामुद्रधुनीवरून, ऱ्होड्सवरून, इस्ससच्या आखातावरून आणि टॉरस पर्वताला धरून भारतापर्यंत. उभी रेषा सुदानमधल्या मेरोईपासून सायीनी, अलेक्झांड्रिया, ऱ्होड्स, बायझेंटियम (आजचं इस्तंबूल) आणि नीपर नदीच्या मुखापर्यंत. बाकीच्या रेषा या दोघींना समांतर. गोलावर रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, पटावर ते समांतरच राहतात. स्ट्रॅबोला याने फारसं बिघडत नाही असं वाटतं. बिघडतं ते उत्तरेकडे, तिथले देश पटावर आडवे ताणले जातात.

आता उभ्या रेषेवरचे आकडे. विषुववृत्तापासून दालचिनीच्या देशापर्यंत, म्हणजे वस्तीच्या दक्षिण टोकापर्यंत, ८,८००. तिथून मेरोई ३,०००, मेरोईहून सायीनी ५,०००. बेरीज १६,८००. आणि २,५२,००० चे साठ भाग करून त्यातले चार घेतले तर बरोबर १६,८०० येतात! हा योगायोग नव्हे. कर्कवृत्त विषुववृत्तापासून परिघाच्या ४/६०, म्हणजे २४ अंशांवर, हे गणित ग्रीकांनी आधी पक्कं केलं होतं, सायीनी कर्कवृत्तावर हे विहिरीत सूर्य डोकावण्यावरून माहीत होतं, आणि अंतरं त्या चौकटीत बसवली होती. महाराष्ट्रात शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो, कारण सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला जातो आणि परत येतो. सायीनी त्याच्या परतीच्या वळणावर आहे, तिथे तो एकदाच येत असे. सायीनी ते अलेक्झांड्रिया ५,००० स्टेडिया, म्हणजे ७ अंश आणि थोडं वर. आजच्या नकाशावरही तेवढंच.

ऱ्होड्सच्या उत्तरेला गाडी घसरते. ऱ्होड्स ते बायझेंटियम तो ४,९०० देतो, म्हणजे ७ अंश. खरं अंतर साडेचार अंशांच्या आसपास आहे. चूक कुठून आली तेही स्ट्रॅबोनेच जपून ठेवलंय. शंकू, म्हणजे जमिनीत उभी रोवलेली काठी, १२० भागांची असेल तर सर्वांत मोठ्या दिवशी मध्यान्हीची सावली ४१ आणि ४/५ भाग पडते, हा आकडा पिथियस या ग्रीक दर्यावर्द्याने मार्सेलिसमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आजच्या मार्सेमध्ये, मोजला होता, आणि मार्सेलिससाठी तो उत्तम जुळतो. ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिप्पार्कसने बायझेंटियमलाही सावली तेवढीच पडते असं म्हटलं, म्हणजे दोन्ही शहरं एकाच अक्षांशावर आणून ठेवली. प्रत्यक्षात बायझेंटियम मार्सेलिसच्या दोन अंशांहून जास्त दक्षिणेला आहे. एका शहराची बरोबर सावली दुसऱ्या शहराला चिकटली, आणि काळ्या समुद्राकडचा सगळा भाग नकाशावर वर सरकला.

आडव्या रेषेवर तर मोजायचं साधनच नव्हतं. दोन ठिकाणांमधलं पूर्वपश्चिम अंतर आकाशावरून काढायचं तर एकच ग्रहण दोन्हीकडे कोणत्या वेळी दिसलं हे टिपून ठेवायला हवं. हिप्पार्कसने हा उपाय सुचवला होता, स्ट्रॅबो तो सांगतोही, पण तशी निरीक्षणं जवळ नव्हती. मग खलाशांचे दिवस आणि सैन्याच्या मजला यांची बेरीज करायची. वळणावळणाची वाट सरळ धरली की अंतर फुगतं, म्हणून भूमध्य समुद्र त्याच्याकडे खऱ्यापेक्षा लांब होतो.

दारातून परत पाठवलेले साक्षीदार

पिथियस मार्सेलिसचा, इ.स.पू. चौथ्या शतकातला. तो ब्रिटनला वळसा घालून उत्तरेला थूली या दूरच्या भूमीपर्यंत पोचला, किंवा तिथली पक्की माहिती घेऊन आला. उन्हाळ्यात तिथली रात्र अगदी लहान होते हे त्याने सांगितलं. स्ट्रॅबो त्याला सरळ खोटारडा म्हणतो आणि वस्तीच्या जगाची उत्तर हद्द आयर्लंडवर संपवतो. त्याच्या मते आयर्लंड ब्रिटनच्या उत्तरेला, आणि थंडीमुळे जेमतेम राहण्याजोगं. त्यापलीकडे माणूस राहूच शकत नाही, या गृहीतकाला पिथियस आडवा येत होता.

पण दुसरंही एक कारण आहे, आणि ते तो पॉलिबियसच्या तोंडून देतो. एक खासगी माणूस, त्यातही गरीब, एवढं अंतर फिरेलच कसा? राजाचा दूत, सेनापती, सुभेदार यांनी सांगितलं तर साक्ष, कोणा ऐऱ्यागैऱ्याने सांगितलं तर थाप. गंमत अशी की खोडून काढायला म्हणून त्याने पिथियसची इतकी वाक्यं उतरवली की आज पिथियसबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं या शत्रूनेच वाचवलंय. इरॅटोस्थेनीसचा भूगोल, त्यावरची हिप्पार्कसची टीका, ग्रीक तत्त्वज्ञ पोसिडोनियसचं महासागरावरचं लेखन हे सगळं हरवलं, आणि त्याचे मोठे तुकडे स्ट्रॅबोच्या भांडणांत शिल्लक राहिले.

उलट चूकही होते. कॅस्पियन समुद्र चारही बाजूंनी बंद आहे हे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने स्ट्रॅबोच्या चारशे वर्षं आधी लिहिलं होतं. स्ट्रॅबो हेरोडोटसला गोष्टीवेल्हाळ समजे. त्याने सिकंदरानंतर पश्चिम आशियावर राज्य करणाऱ्या सेल्युसिड राजांच्या पॅट्रोक्लीस या अधिकाऱ्यावर विश्वास टाकला आणि कॅस्पियनला उत्तर महासागराचं आखात करून टाकलं. पॅट्रोक्लीसच्या बाजूने त्याचा युक्तिवाद काय, तर राजांनी त्याच्यावर एवढी जबाबदारी सोपवली होती!

मित्राच्या बाबतीत तर हे आणखी उघडं पडतं. गॅलसने सुमारे १०,००० माणसं घेऊन दक्षिण अरबस्तानावर स्वारी केली. आधी ८० लढाऊ नावा बांधल्या, मग ध्यानात आलं की समोर आरमारच नाही, तेव्हा १३० मालवाहू नावा बांधल्या. वाटेत बऱ्याच बुडाल्या. जाताना ६ महिने लागले, येताना तेच अंतर ६० दिवसांत कापलं. लढाईत मेले फक्त ७, बाकीचे रोगराईने, भुकेने, थकव्याने गेले. हे सगळं स्ट्रॅबो नीट सांगतो, पण दोष जवळजवळ सगळा वाटाड्याचा, नबातियन मंत्री सिलियसचा. त्याने मुद्दाम आडवाटेने नेलं म्हणे. गरज नसलेल्या नावा बांधायचा हुकूम कोणाचा होता, ते वाचकाने आपलं आपण समजून घ्यावं.

एखादा देश तो कसा मांडतो

साचा ठरलेला आहे. आधी सगळ्यांच्या ओळखीच्या वस्तूवरून आकार: स्पेन म्हणजे पसरलेलं बैलाचं कातडं, पेलोपोनीज म्हणजे चिनार झाडाचं पान, ब्रिटन म्हणजे त्रिकोण. मग डोंगर आणि नद्या यांनी हद्द. मग किनारा धरून गावांची रांग, कारण अंतरं किनाऱ्यावरचीच बरी माहीत असतात. त्यानंतर आतला मुलूख, पीक, खाणी, निर्यात, गावातली नामांकित माणसं. ब्रिटनहून धान्य, गुरं, सोनं, चांदी, लोखंड, कातडी, गुलाम आणि शिकारी कुत्रे येतात, हे एका ओळीत उरकतो. स्पेनमधल्या कार्थाजेनाच्या चांदीच्या खाणींवर मात्र रेंगाळतो: ४०,००० मजूर, आणि रोमच्या तिजोरीत दिवसाला २५,००० ड्रॅक्मा. पण हे आकडे पॉलिबियसचे, म्हणजे शंभराहून अधिक वर्षं जुने. स्ट्रॅबो नाव देतो म्हणून ते कळतं. नाव न देता वर्तमानकाळात लिहिलेल्या जुन्या गोष्टीही ग्रंथात भरपूर आहेत, आणि नव्या वाचकाची फसगत सगळ्यात जास्त तिथे होते.

कधी साच्यातून बाहेर पडून तो विचार करायला लागतो, तेव्हा वाचायला खरी मजा येते. इटलीतल्या व्हेसूव्हियस डोंगराच्या पायथ्याशी सुंदर शेती आहे, माथा मात्र सपाट, नापीक, राखेच्या रंगाचा; खडकांना पोकळ्या, काजळी धरलेली, जणू आगीने खाल्लेले. यावरून त्याने अनुमान काढलं की इथे पूर्वी आगीची मुखं होती, जळण संपल्यावर विझली, आणि भोवतालची जमीन सुपीक आहे ती बहुधा राखेमुळेच, सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीजवळच्या कटाना गावासारखी. व्हेसूव्हियसचा उद्रेक होऊन पॉम्पेई शहर गाडलं गेलं ते त्यानंतर, इ.स. ७९ मध्ये.

आणि भारत

पंधराव्या भागाची सुरुवातच माफी मागून होते. हा देश सर्वांत दूरचा, आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेला. ज्यांनी पाहिला त्यांनी तुकडेच पाहिले, तेही सैन्याबरोबर घाईघाईत जाताना, आणि एकाच मोहिमेतले लोकसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत. उदाहरण त्याच भागात सापडतं. वडाच्या पारंब्या जमिनीत शिरून नवे खांब होतात हे सिकंदराबरोबर आलेले दोघेही सांगतात, पण एकाच झाडाच्या सावलीत ॲरिस्टोब्युलस ५० घोडेस्वार बसवतो तर ओनेसिक्रिटस ४००. मधमाश्यांवाचून मध देणारे बोरू येतात, ते आपण ओळखतोच. पाटलीपुत्राची मापं मेगॅस्थेनीसची: लांबी ८० स्टेडिया, रुंदी १५, बाण सोडायला भोकं ठेवलेला लाकडी तट, बाहेर खंदक. पण याच मेगॅस्थेनीसला स्ट्रॅबो खोटारड्यांत दुसरा नंबर देतो. पहिला नंबर बिंदुसाराच्या दरबारी आलेल्या डायमॅकसचा.

म्हणजे त्याचा भारत हा सिकंदर आणि चंद्रगुप्त यांच्या काळचा, तीनशे वर्षं शिळा. आणि ताजी माहिती तर त्याच्या नाकासमोरून जात होती. गॅलसबरोबर असताना त्यालाच कळलं होतं की तांबड्या समुद्रावरच्या मायोस हॉर्मोस बंदरातून १२० जहाजं भारताकडे जातात. रोमनांआधी इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी राजांच्या काळी वीस जहाजंही ते धाडस करत नसत. मग त्या खलाशांना विचारलं का नाही? उत्तर त्याने लिहून ठेवलंय. गंगेपर्यंत पोचणारे व्यापारी थोडे, आणि ते खासगी लोक, देशाची माहिती मिळवायला निरुपयोगी. पिथियसच्या वेळचाच शेरा, पिथियसच्याच जातीच्या माणसांवर. सिझिकसचा युडॉक्सस एका जहाजफुटीतून वाचलेल्या हिंदी खलाशाला वाटाड्या घेऊन समुद्रमार्गे भारतात पोचला, ही पोसिडोनियसने दिलेली हकिकतही त्याने थाप म्हणून उडवून लावली.

त्यामुळे पश्चिम किनारा आणि दख्खन त्याच्या ग्रंथात जवळजवळ नाहीच. फक्त भडोचचं नाव एकदा येतं, तेही एका माणसाचं गाव म्हणून: ऑगस्टसकडे आलेल्या हिंदी वकिलातीतला झार्मनोखेगस, ज्याने अथेन्समध्ये स्वतःला जाळून घेतलं. ही हकिकत दमास्कसच्या निकोलॉसकडून घेतलेली, तो ऑगस्टसच्या गोटातला, म्हणून चालला. पुढच्या काही दशकांतच एका अनामिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासूनच्या बंदरांची वहीवजा मार्गदर्शिका लिहिली. तिच्यात भडोचहून पैठण २० दिवसांवर, पैठणहून पूर्वेला तगर, म्हणजे मराठवाड्यातलं तेर, १० दिवसांवर, आणि किनाऱ्यावर सोपारा, कल्याण, चौल. हे सगळं स्ट्रॅबोला नुसतं विचारून मिळालं असतं.

वाचायला घेताना

ग्रंथ आपल्यापर्यंत हस्तलिखितांच्या नकलांमधून आला आणि त्यात आकड्यांचे सर्वाधिक हाल झाले. ग्रीक लोक आकडे अक्षरांनी लिहीत; एका अक्षराशेजारची बारीक रेघ निसटली की हजाराचे एकक होतात. म्हणून एखादं अंतर वेडंवाकडं वाटलं तर आधी शेजारच्या अंतरांची बेरीज करून पाहावी. दोष अनेकदा नकलनवीसाचा निघतो. सातव्या भागाचा शेवट हरवलाय, तिथे मध्ययुगातल्या संक्षेपांवर भागवावं लागतं. लॅटिन भाषांतर रोममध्ये १४६९ साली छापलं गेलं, मूळ ग्रीक १५१६ मध्ये व्हेनिसला.

संदर्भ तीन आकड्यांत देतात: भाग, प्रकरण, परिच्छेद. मसुरीचे खडे १७.१.३४ मध्ये आहेत, मेम्नॉनचा आवाज १७.१.४६ मध्ये, सफरचंद २.५.११ मध्ये. पहिल्या पानापासून सुरुवात करू नये. पहिले दोन भाग म्हणजे होमर (ओडिसियसच्या भटकंतीचं महाकाव्य रचणारा ग्रीक कवी) आणि इरॅटोस्थेनीस यांच्यावरून घातलेले वाद आहेत, आणि इरॅटोस्थेनीसचा ‘वाऱ्याची पिशवी शिवणारा चांभार सापडला की ओडिसियस कुठे भटकला तेही सापडेल’ हा टोमणा सोडला तर त्यात दमायला होतं. इजिप्तचा सतरावा भाग आधी घ्यावा, मग इटलीचा पाचवा, मग त्याच्या मायदेशाचा बारावा. या तिन्हींत त्याचा पाहिलेल्याचा सूर कानात बसतो. मग भारताचा पंधरावा उघडला की तो सूर तिथे नाही, हे सांगावं लागत नाही.